हिरव्या ॲम्पवरचा आळ

त्या हिवाळ्यात आमच्या घरात सगळे हळू बोलायचे. एरवी आमचं घर म्हणजे आठवडी बाजार. बाबा उदगीरकडचे, हळू बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय अशी त्यांची पक्की समजूत. आई जामबागेत वाढलेली, तिच्या माहेरी मराठी, तेलुगू आणि दखनी अशा तिन्ही भाषांत भांडायची सोय होती. मी दोघांची एकुलती एक, तेव्हा दोघांचे आवाज वारशानं माझ्याकडेच आलेले. हिमायतनगरच्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात नुसती भाजीची चौकशी चालली असली तरी जिन्यातून येणाऱ्याला वाटावं, आत कुणाची तरी खरडपट्टी निघते आहे. पण दिवाळी झाली, थंडी पडली, आईच्या हातांत मुंग्या यायला लागल्या आणि घर दवाखान्याबाहेरच्या बाकड्यासारखं झालं. कुकरची शिट्टीसुद्धा दचकवायची.

आई रक्त घ्यायची. नामपल्लीजवळच्या एका लॅबमध्ये ती कामाला होती, पण तिचं खरं काम सकाळचं. उजाडायच्या आत निघायचं, आमच्या भागातल्या आणि नारायणगुड्यातल्या घरांत जायचं, उपाशीपोटी वाट बघत बसलेल्या म्हाताऱ्यांचं रक्त घ्यायचं आणि नळ्या गार डब्यात घालून लॅबला पोचवायच्या. तिला एकच गर्व होता आणि तो ती लपवायची नाही. एका टोचणीत शीर मिळालीच पाहिजे. दुसऱ्यांदा टोचणं म्हणजे तिच्या लेखी पोळी करपवण्यासारखं होतं. लोक लॅबला फोन करून सांगायचे, ती मराठी अम्माच पाठवा. वाळक्या, सुरकुतलेल्या, आत पळणाऱ्या शिरा ती डोळे दुसरीकडे ठेवून नुसत्या बोटांनी शोधायची. लहानपणी मला ताप आला की ती कपाळावर हात ठेवायच्या आधी माझ्या कोपराच्या खळीवर बोट फिरवायची. मला ते आवडायचं नाही. आईनं माया करावी, चाचपणी करू नये, असं माझं तेव्हाचं मत होतं.

आता त्या बोटांत मुंग्या. आणि आमच्या घराण्यात मुंग्यांचा अर्थ सगळ्यांना ठाऊक होता. माझ्या थोरल्या मामांची सुरुवात अशीच झाली होती. आधी बोटं, मग सदऱ्याची बटणं लागेनात, मग घास तोंडापर्यंत जाईना, मग खाट. जामबागेतल्या त्या खोलीत मामी त्यांना चमच्यानं वरणभात भरवायची आणि मामा टक लावून पंख्याकडे बघायचे, ते मी पाहिलं होतं. आईनंही पाहिलं होतं. त्यामुळे आमच्याकडे त्या दुखण्याचं नाव कुणी घेत नव्हतं. डॉक्टरांनी जीवनसत्त्वाची इंजेक्शनं लिहून दिली होती, नसांच्या तपासणीची तारीख पुढच्या महिन्यातली मिळाली होती, आणि मधल्या काळात आम्ही तिघं एकमेकांना भाकरी वाढत होतो.

बाबांनी मात्र निकाल आधीच लावून टाकला होता. ते कोटीत औषधांच्या एका ठोक दुकानात हिशेब बघायचे आणि औषधांच्या खोक्यांमध्ये राहून आपण अर्धे डॉक्टर झालो आहोत असं त्यांना वाटायचं. "सुई सोड," ते आईला म्हणाले. "कुणाच्या हातात मोडली म्हणजे? टेबलावर बस. नावं लिहायची, पावत्या द्यायच्या. हात शाबूत आहेत तोवर मानानं बाजूला व्हावं." हे ते रागानं म्हणत नव्हते, घाबरून म्हणत होते. पण बाबा घाबरले की हुकूम सोडायचे. आईनं फार वाद घातला नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. एक तारखेपासून नोंदणीच्या टेबलावर बसायचं असं तिनं लॅबमध्ये कबूल करून टाकलं.

याच दिवसांत मी गिटारच्या मागे लागले होते. त्यात मला आजही काही वावगं वाटत नाही. घरात सगळे श्वास रोखून बसले असले की सतरा-अठरा वर्षांच्या मुलीनं कुठेतरी आवाज करायला नको? आमच्या मागच्या गल्लीतला सोहेल माझ्याच कॉलेजात होता आणि ड्रम वाजवायचा. त्याच्या चुलतभावाची इलेक्ट्रिक गिटार माझ्याकडे आली होती आणि वार्षिक कार्यक्रमात आम्ही वाजवणार होतो. ज्यांनी ती गिटार हातात धरलेली नाही त्यांच्यासाठी सांगते, ती नुसती वाजवली तर ताटाला दोरा बांधून छेडल्यासारखा आवाज येतो. तिला ॲम्प लागतो, म्हणजे आवाज मोठा करणारी, त्याला गोडवा किंवा खरखर देणारी भलीमोठी पेटी. ती आमच्याकडे नव्हती, आणि असती तरी खालच्या मजल्यावरच्या आंटींनी ती जिन्यातच अडवली असती. पण टॅब्लेटवर ॲप मिळायची. पडद्यावर त्या पेटीचं चित्र, चित्रावर बटणं, बोटानं बटण फिरवलं की खऱ्या पेटीसारखा आवाज. एका छोट्या डबीतून गिटारची वायर टॅब्लेटला आणि टॅब्लेटमधून दुसरी वायर स्पीकरला जोडली की झालं.

अशी तीन ॲप आम्ही निवडली होती. त्यांची नावं आता मला आठवत नाहीत, चित्रांचे रंग आठवतात. एक काळा ॲम्प, एक सायीच्या रंगाचा आणि एक हिरवा. कार्यक्रमात तिन्ही नेऊन चालणार नव्हतं. एक पक्का करायचा, त्याचाच सराव करायचा असं ठरलं आणि भांडण सुरू झालं. काळा रागीट होता, जरा जोरात छेडलं की अंगावर यायचा. सायीचा गोड होता, पण इतका गोड की दोन गाण्यांनंतर मळमळावं. हिरवा मला पहिल्या दिवशी फार आवडला. तार सोडल्यावर त्याचा आवाज विझायला वेळ घ्यायचा, मोठ्या दालनात कुणीतरी चालत लांब जावं तसा. पण दुसऱ्याच दिवसापासून त्यात एक घुमणं यायला लागलं. मी तारांना हात लावो न लावो, मागे सतत 'घूं' असा एक जाड आवाज.

आमची परीक्षा घ्यायची पद्धत घरच्या सोयीची होती. टॅब्लेट बाबांचा, तो त्यांच्याबरोबर दुकानात जायचा. म्हणजे माझ्या वाट्याला येणार तो सकाळी लवकर नाहीतर संध्याकाळी ते परतल्यावर. हिरवं ॲप जड होतं. संध्याकाळपर्यंत बाबांनी टॅब्लेटमध्ये इतक्या गोष्टी उघडून ठेवलेल्या असायच्या की ते अडखळायचं. म्हणून त्याची पाळी सकाळी, टॅब्लेट ताजातवाना असताना. काळा आणि सायीचा संध्याकाळी. सकाळी मी माझ्या खोलीत कॉटवर मांडी घालून बसायची, बाबांचा भजनं ऐकायचा जुना तीन पिनांचा स्पीकर अगदी बारीक आवाजात लावायची आणि हिरव्याला शिव्या घालायची. बाहेर आई केर काढून फरशी पुसत असायची, मग तिची अंघोळ, मग उभ्या उभ्या चहा आणि दोन उस्मानिया बिस्किटं, मग पायात चपला. तिच्या पिशवीच्या चेनचा आवाज आला की मला कळायचं, गेली.

सोहेल हिरव्याचा कैवारी होता. कॉलेजच्या कट्ट्यावर आमचं जुंपायचं.

"घूं घूं करता तेरा हिरवा," मी म्हणायची. "माखियां पाले सो है क्या अंदर?"

"मेरे पास तो नै करता जी," तो म्हणायचा. "रात कू पूरा घंटा बजाया मैं. एकदम साफ. तुमारे घर मेंच करता."

"झूट."

"झूट कैकू बोलूं? हिरवा मेरे बाप का है क्या?"

तो हिरव्याच्या प्रेमात पडला आहे आणि प्रेमात पडलेल्याला घुमणं ऐकू येत नसतं, असा मी अर्थ काढला. शिवाय माझ्याकडे पुरावा होता. घुमणं रोज वाढत होतं. आधी ते लांबच्या मोटारीसारखं होतं, मग शेजारच्या खोलीतल्या पिठाच्या गिरणीसारखं झालं. मी हिरव्याची सगळी बटणं फिरवून पाहिली, ॲप काढून परत घातलं, वायर बदलली. घुमणं जागचं हलेना.

एका संध्याकाळी मी काळा ॲम्प लावून बसले होते तेव्हा आई आली. पिशवी नेहमीच्या खुंटीला न लावता मांडीवर घेऊन स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली. मी गिटार ठेवून तिच्याजवळ गेले. तिनं पिशवीची चेन लावली, परत उघडली. मग म्हणाली, "आज एका आजींना तीनदा टोचलं मी."

मी तिच्या मांडीवरची पिशवी उचलून खुंटीला लावली.

"त्या काही बोलल्या नाहीत गं. नुसता हात मागे घेतला." तिनं आपला उजवा हात समोर धरला. तो थरथरत होता. "सकाळी मुंग्या येतात, मग दिवसभर मी हाताकडेच बघत बसते. आत्ता आल्या का, आत्ता आल्या का. सुई धरली की कापतो."

रात्री जेवताना अंबाडीची भाजी आणि भाकरी होती. आई भाजीतला लसूण बाजूला काढत राहिली. मग एकदम म्हणाली, "नळाला हात लावला ना, की जास्त येतात. कोपरापर्यंत चढतात."

"गरम पाण्यानं रक्त सळसळतं," बाबा म्हणाले. "डॉक्टरांनी सांगितलं नाही का? त्याच न्हाणीत, त्याच नळाखाली मीसुद्धा अंघोळ करतो. मला काही होत नाही."

आईनं मान डोलावली. तिचाही त्यांच्यावर विश्वास होता. आणि माझाही होता, कारण बाबा खरंच रोज तिच्यामागून तिथंच अंघोळ करायचे आणि तांबडेलाल होऊन, ताजे टवटवीत बाहेर यायचे. मी स्वतः संध्याकाळी गच्चीवरच्या टाकीतल्या उन्हानं तापलेल्या पाण्यावर भागवायची, मला गिझर ठाऊकच नव्हता.

बाबांच्या अंघोळीबद्दल इथे सांगितलं पाहिजे. त्यांची अंघोळ म्हणजे समारंभ होता. लाकडी पाट मांडायचा, त्यावर मांडी घालायची, बादली आणि नळ दोन्ही हाताच्या अंतरावर, आणि मग तांब्यातांब्यानं अंगावर पाणी घेत मोठ्यानं स्तोत्र. "उभ्यानं अंघोळ म्हशींची," असं ते माझ्याकडे आणि आईकडे बघून म्हणायचे. आईसुद्धा लग्नानंतर बरीच वर्षं पाटावर बसायची. पण जिने चढून चढून तिचे गुडघे गेले आणि तिनं म्हशींचा पंथ धरला. आज माझे गुडघे कुरकुरायला लागल्यावर मला तिचा तो उभं राहण्याचा निर्णय फार कळतो.

महिन्याचा शेवट आला. दुसऱ्या दिवशी आईची सुईची शेवटची सकाळ होती. त्याच दुपारी सोहेलनं मला कॉलेजच्या गेटात अडवलं. कार्यक्रम जवळ आला होता आणि आमचं ॲप अजून ठरत नव्हतं.

"तू टेस्ट कैसा करती?" त्यानं विचारलं. मी सांगितलं. हिरवा सकाळी, बाकीचे दोन संध्याकाळी. तो हसायलाच लागला. "अरे हौली, ये कोई टेस्ट हुआ? तीनों कू एकीच टाइम पे बजाके देख. एक कू सुबू, एक कू शाम, ऐसा करते क्या?"

खुळी म्हटल्याचा मला राग आला, आणि तो बरोबर बोलत होता म्हणून जास्तच. ठीक आहे म्हटलं, उद्या सकाळी तिन्ही एका बैठकीत वाजवते आणि तुझ्या हिरव्याचं कायमचं तोंड बंद करते.

दुसऱ्या दिवशी मी आईबरोबरच उठले. बाहेर अंधार होता, लांबून अजान ऐकू येत होती. आई फरशी पुसत होती. कुणी शेवटच्या दिवशी पुसावी तशी, कोपरे धरून. माझ्या खोलीतही तिनं ओलं फडकं फिरवलं, माझ्याकडे पाहून थोडंसं हसली आणि न्हाणीत गेली. तीन ॲप पटापट बदलायची होती म्हणून मी कॉटवर न बसता टेबलाशीच उभी राहिले, अनवाणी, ओल्या शहाबादी फरशीवर. आधी सायीचा लावला. तारांना हात लावायच्या आत स्पीकरमधून घुमणं आलं.

मी थांबले. सायीचा कधी घुमला नव्हता. वायर ढिली असेल म्हणून दाबली. काळा लावला. तोच आवाज, तेवढाच जाड. हिरवा लावला. तोच. तिन्ही पेट्या एका सुरात घुमत होत्या. मी डाव्या हातानं तारा दाबल्या आणि बोटांतून मनगटापर्यंत मुंग्या चढल्या.

तो क्षण मी कधी विसरले नाही. मला आईचा गिझर आठवला नाही, वायर आठवली नाही, मला मामा आठवले. पंख्याकडे बघणारे मामा. आजोळची देणगी आईला मिळाली आणि आता मला मिळाली, असं मी अगदी स्वच्छ शब्दांत मनात म्हटलं. गिटार गळ्यात तशीच होती. मी हात काढला, मुंग्या गेल्या. परत लावला, परत आल्या. कॉलेज, गिटार, बटणं, घास, सगळं एका ओळीत डोळ्यांसमोरून गेलं.

तेवढ्यात भिंतीपलीकडे, न्हाणीत, 'टक्' असा आवाज झाला. आणि घुमणं थांबलं.

मी तारांवर हात ठेवला. काही नाही. मुंग्या नाहीत. स्पीकर शांत. हिरवा ॲम्प अगदी साफ वाजला, सोहेल म्हणायचा तसा. आत पाणी पडत होतं. थोड्या वेळानं परत 'टक्' झालं, गिझरची ती बारीक सूं सूं सुरू झाली, आणि तिच्याबरोबर स्पीकर घुमायला लागला आणि माझी बोटं मुंगळे चढल्यासारखी झाली. तो 'टक्' मी रोज ऐकत होते. पाणी तापलं की गिझर आपोआप बंद व्हायचा, गार झालं की आपोआप सुरू व्हायचा. माझ्या मुंग्या गिझरच्या होत्या. माझ्या मुंग्या गिझरच्या असतील तर आईच्याही.

आणि आई आत होती.

तांब्या आपटल्याचा आवाज आला. मग बादली घासल्याचा. मग काहीच नाही.

गिटार कशी काढली आठवत नाही. बोळात गिझरचं बटण होतं, ते मी मुठीनं बंद केलं आणि दारावर थापा मारल्या. "आई! नळाला हात लावू नकोस! आई!" आतून उत्तर नाही. पाण्याचाही आवाज नाही. मी आणखी जोरात ओरडले. बाबा लुंगी सावरत धावत आले, "काय झालं? काय झालं?" म्हणत तेही दार ठोकायला लागले. आतून कडी होती. बाबांनी खांदा लावला. दार जुनं, सागवानी, हललंसुद्धा नाही. इतकी वर्षं झाली, पण बंद दाराआड पाणी एकदम थांबलं की मी अजून जाऊन दार ठोठावते. माझी मुलं यावरून मला चिडवतात. चिडवू देत.

मग आतून आवाज आला. "थांबा. आले."

कडी निघाली. आई ओल्या परकरात, खांद्यावर टॉवेल ओढून, भिंतीला धरून उभी होती. चेहरा पांढराफटक. बाबांनी तिला धरून बाहेर आणलं आणि बोळातल्या खुर्चीवर बसवलं. ती शांतपणे म्हणाली, "आज खांद्यापर्यंत गेलं." सांगण्यात रडणं नव्हतं, हिशेब मिटवल्यासारखं होतं.

"बस झालं," बाबा म्हणाले. "आज जायचं नाही. आत्ता लॅबला फोन करतो मी."

"हो," आई म्हणाली.

"बाबा, गिझरचा करंट आहे," मी म्हणाले. "आईला काही झालेलं नाही. नळात करंट येतोय."

"काहीतरी बरळू नकोस."

"माझ्या गिटारमध्ये पण येतोय! गिझर बंद झाला की थांबतो. मी आत्ता ऐकलं, आत्ता!"

"गिटारचा आणि नळाचा काय संबंध? रोज त्याच नळाला हात लावतो मी." घाबरलेले बाबा आता संतापलेले बाबा झाले होते. "लाव बटण. लाव म्हणतो ना! तुझ्यासमोर हात लावून दाखवतो." आणि ते खरंच, अनवाणी, ओल्या न्हाणीत शिरायला निघाले.

मी त्यांचं मनगट धरलं. बाबांना असं कधी कुणी धरलं नव्हतं. त्यांनी हिसका दिला, मी सोडलं नाही. बटण बंदच होतं हे मला ठाऊक होतं, पण दुसऱ्या हातानं त्यांनी ते सुरू केलं असतं. आम्ही दोघं त्या अरुंद बोळात एकमेकांशी झटत होतो आणि मी सबंध बिल्डिंग जागी होईल एवढ्यानं ओरडत होते, "नाही जायचं! नाही जायचं!"

"अहो," आई म्हणाली.

तिचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. ती उघड्या दारातून न्हाणीच्या कोपऱ्यात बघत होती. तिथं भिंतीला बाबांचा पाट टेकून ठेवला होता, कोरडा.

"तुम्ही पाटावर बसता," ती म्हणाली.

बाबांचा हात सैल पडला. शाळेत असताना लाकडातून करंट जात नाही हे आम्ही तिघंही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भाषांत शिकलो होतो. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो असा. बाबांनी रबरी चपला घातल्या, फडताळातून टेस्टर आणला, मला बटण लावायला सांगितलं आणि टेस्टरचं टोक नळाला टेकवलं. टेस्टरच्या दांड्यात नारिंगी दिवा लागला. चांगला ठळक. बाबा तो दिवा बघत वाकून तसेच राहिले. मग मीच बटण बंद केलं आणि मेन स्विचही पाडला. घरभर अंधार झाला.

मेणबत्ती लावली तेव्हा बाबा जमिनीवर बसले होते. आईचा फोन वाजायला लागला. कुणीतरी म्हातारे गृहस्थ उपाशीपोटी तिची वाट बघत होते. "दस मिनट, अंकल," ती म्हणाली आणि फोन ठेवला. पण उठली नाही. कारण काय होतं ते कळलं म्हणून हात लगेच हात होत नाही. महिनाभर ती आपल्या बोटांना घाबरत आली होती. तिनं मेणबत्तीच्या उजेडात उजवा हात धरून पाहिला. तो अजूनही कापत होता.

ती आत गेली, साडी नेसून आली, पिशवी उघडली आणि बाबांसमोर स्टूल ओढलं.

"बाही वर करा."

"काय?" बाबा म्हणाले.

"बाही."

"माझं घे ना," मी म्हणाले.

"तुझं नको," ती म्हणाली. "ह्यांचं."

बाबांनी बंडीची बाही वर केली. आईनं दंडाला पट्टा बांधला, मूठ आवळायला सांगितलं आणि त्यांच्या कोपराच्या खळीवर बोट ठेवलं. बोट कापत होतं. तिनं ते उचललं, साडीला पुसलं, परत ठेवलं. मी मेणबत्ती धरून उभी होते. तिनं डोळे मिटले. बोट सावकाश एका जागेवरून दुसरीकडे गेलं, थांबलं, थोडं दाबलं, परत थांबलं. मग ते कापायचं बंद झालं. तिनं डोळे उघडले, कापूस फिरवला आणि सुई आत घातली. नळीत रक्त आलं.

"मूठ सोडा," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, तो मला ओळखीचा होता. दुसऱ्यांच्या घरी ती ज्या आवाजात बोलायची तो. "दुखलं?"

बाबांनी मान हलवली. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला एक हात मोकळा असूनही ते पुसत नव्हते. "कळलंसुद्धा नाही," ते म्हणाले.

आईनं सुई काढली, कापूस दिला. "दाबून धरा. चोळू नका." मग तिनं हातातल्या नळीकडे पाहिलं, आता ही टाकायची कशाला असा विचार केला असावा. "उपाशीच आहात ना? मग साखर बघून घेऊ." राखाडी टोपणाच्या आणखी एका नळीत तिनं थोडं रक्त घातलं, दोन्हींवर बाबांचं नाव लिहिलं, नळ्या गार डब्यात ठेवल्या आणि चहा न पिता जिना उतरून गेली.

इलेक्ट्रिशियन दुपारी आला. गिझरची कॉइल फुटली होती. तीन पिनांच्या सगळ्या सॉकेटांची जमिनीची म्हणून जी वायर होती, ती भिंतीतल्या भिंतीत एकमेकांना जोडली होती, पण जमिनीत गेलीच नव्हती. "एर्थ लेदम्मा," तो म्हणाला, "मोत्तम लेदु," म्हणजे या घराला अर्थिंग मुळातच नाही. त्याच वायरीवरून गिझरचा करंट बाबांच्या स्पीकरपर्यंत येत होता आणि माझ्या तारांत उतरत होता. आणखी आठवडा गेला असता तर, असं काहीतरी तो म्हणायला लागला, पण बाबांनी त्याला हातानं थांबवलं. मी सोहेलला फोन केला. हिरवा निर्दोष होता. चोर सोडून मी संन्याशाला फाशी देत होते. सोहेलनं सगळं ऐकून घेतलं, पहिल्यांदाच 'मैं बोला था ना' म्हणाला नाही, नुसतं विचारलं, "अम्मी कैसे हैं?" कार्यक्रमात आम्ही हिरव्यावरच वाजवलं.

त्या दिवशी बाबा दुकानात गेले नाहीत. कोपरात कापूस धरून ते खिडकीशी बसून राहिले. रक्त कधीच थांबलं होतं तरी कापूस सोडेनात. चारच्या सुमाराला मी चहा टाकला आणि फोन वाजला. आई होती. मागे लॅबची गडबड ऐकू येत होती, कुणीतरी तिला हाक मारत होतं.

"मंजू, मी सांगून टाकलं. टेबलावर नाही बसत."

"हो आई," मी म्हणाले. आणि नाक ओढलं.

"रडतेस कशाला? ऐक. बाबा कुठे आहेत?"

"इथंच. त्यांच्यासाठी चहाच करतेय."

"त्यात साखर घालू नकोस," आई म्हणाली. "त्यांना म्हणावं, तुम्हाला काही होत नाही ना? रिपोर्ट घेऊन येते आहे."